निमित्तमात्र : अण्वस्त्रांची निर्मिती आणि निर्मात्याचे उत्तरदायित्व



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचा मी विद्यार्थी. त्यांनी आम्हांला भौतिकशास्त्र शिकविले आणि मी पुढे आयुष्यभर मराठी शिकविले. या व्यासपीठावर माझ्या आधी बहुतेक विज्ञानाचे अभ्यासक येऊन गेले. संस्थेने या वर्षी एका साहित्याच्या माणसाला बोलाविले, तेव्हा विषय माझ्या प्रांतातला, म्हणजे संतवाङ्मय अथवा नाटक, असावा अशी चिटणिसांची अपेक्षा असणार. मी अण्वस्त्रांचा विषय कळविल्यावर त्यांनी दूरध्वनीवरून दोनदा खात्री करून घेतली. त्यांचे आश्चर्य रास्तच होते. परंतु या विषयाचे बीज याच इमारतीत माझ्या मनात पडलेले आहे, आणि पंचाहत्तरी गाठल्यावर काही हिशेब लांबणीवर टाकता येत नाहीत.

१९६४ सालची गोष्ट. मी नववीत होतो. दसरा होऊन गेला होता. ऑक्टोबरच्या सोळा तारखेला चीनने आपला पहिला अणुस्फोट केला. त्याच्या आधी दोनच वर्षांपूर्वीचे युद्ध सर्वांच्या मनात ताजे होते, त्यामुळे इंदूरच्या गल्लीबोळांत, ओट्याओट्यांवर त्या दिवसांत दुसरे बोलणे नव्हते. २४ ऑक्टोबरला डॉ. होमी भाभा यांचे आकाशवाणीवर भाषण झाले. अमेरिकेने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांच्या आधारे त्यांनी स्फोटाची किंमत सांगितली होती. सोमवारी गुरुजी वर्गात आले आणि काही न बोलता त्यांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या. दहा किलोटनांच्या स्फोटास साडेसतरा लाख रुपये. दोन मेगाटनांच्या स्फोटास तीस लाख रुपये. मग म्हणाले, “एका किलोटनाला काय भाव पडला, काढा.”

आम्ही काढले. पहिल्या प्रकारात एका किलोटनाला पावणेदोन लाख, दुसऱ्यात दीड हजार. संहार जितका मोठा तितका तो स्वस्त, हे कळल्यावर वर्गात हशा पिकला, हे मला स्पष्ट आठवते. गुरुजी हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, “हिशेब बरोबर आहे. आता सांगा, या हिशेबात काय धरलेले नाही?” कोणी म्हणाले, विमान. कोणी म्हणाले, अणुभट्टी. कोणी शास्त्रज्ञांचे पगार म्हणाले. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नसे, तो म्हणाला, “ज्यांच्यावर पडेल त्यांची घरे.” गुरुजींनी त्याला शाबासकी दिली नाही. त्याच्या हाती खडू दिला आणि म्हणाले, “लिही.” तो तिसरी ओळ लिहू लागला आणि पुढे आकडा घालण्याची वेळ आली तेव्हा थांबला. घंटा झाली. मी त्या दिवशी काहीच बोललो नव्हतो. आज जे बोलणार आहे, ते त्या न बोलण्याचे उशिरा आलेले उत्तर समजावे.

आरंभीच एक मर्यादा घालून घेतो. अण्वस्त्र वापरणे नीतीला धरून आहे काय, हा आजचा प्रश्न नाही. त्याचे उत्तर हिरोशिमा आणि नागासाकी यांनी दिलेले आहे. १९४५ सालच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सुमारे सत्तर हजार माणसे मृत्यू पावली, असे मानले जाते. त्यांत सैनिक थोडे आणि शाळकरी मुले, बाया, म्हातारीकोतारी माणसे फार. हे योग्य होते असे म्हणणाऱ्यालाही ते सांगताना आवाज खाली आणावा लागतो. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. ते अस्त्र *बनविणे* हे कृत्य नैतिक दृष्ट्या कोठे बसते? बनविणारा म्हणतो, मी केवळ बनविले, टाकले दुसऱ्याने. हे म्हणणे कितपत खरे?

या प्रश्नाचा पहिला विचार, माझ्या वाचनात तरी, व्यासांनी केलेला आहे. आपल्या पूर्वजांजवळ अणुबाँब होता असे सांगणाऱ्यांपैकी मी नव्हे. तसे सांगणारे लोक महाभारताचा गौरव करीत नाहीत. त्याला कारखान्याचे सूचिपत्र करून टाकतात. व्यासांपाशी बाँब नव्हता, पण अस्त्र आणि अस्त्रधारी यांच्या नात्याचा जो विचार त्यांनी सौप्तिक पर्वात केला, तो लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत कोणी त्या वेळी केला असता तर बरे झाले असते.

कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. झोपलेल्या पांचालांची आणि द्रौपदीच्या पुत्रांची रात्रीच्या अंधारात कत्तल करून अश्वत्थामा गंगातीरी जाऊन बसतो. पांडव पाठलाग करीत तेथे येतात. त्यांना पाहताच तो गवताची एक काडी उचलतो, ब्रह्मशिर अस्त्र तिच्यावर मंत्रितो आणि पांडवांचा निःपात व्हावा असे म्हणून ते सोडतो. कृष्णाच्या सांगण्यावरून अर्जुनही तेच अस्त्र सोडतो, परंतु त्याचा संकल्प वेगळा आहे. तो आधी गुरुपुत्राचे कल्याण चिंतितो, मग स्वतःचे आणि बंधूंचे, आणि अस्त्राने अस्त्र शांत व्हावे एवढेच मागतो. आजच्या भाषेत ज्याला आपण ‘प्रतिरोध’ म्हणतो, तो हाच. मी मारण्यासाठी उगारीत नाही, तुझे थोपविण्यासाठी उगारतो. येथवर अर्जुन निर्दोष दिसतो. पण व्यास तेथे थांबत नाहीत. नारद आणि स्वतः व्यास त्या दोन अग्नींच्या मधोमध येऊन उभे राहतात. ते ‘अगोदर कोणी सोडले?’ असे विचारीत नाहीत. दोघांनाही आवरण्यास सांगतात. कारण एक अस्त्र दुसऱ्या अस्त्राने जेथे मारले जाते, त्या भूमीवर बारा वर्षे पाऊस पडत नाही. भूमीला न्याय-अन्याय कळत नाही, ती दोघांच्याही अस्त्रांनी सारखीच जळते.

अर्जुन अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते साधत नाही. त्याला सोडण्याची विद्या येते, उपसंहाराची येत नाही. व्यासांनी या असमर्थतेचे कारण तंत्रात शोधले नाही. ते शीलात शोधले. व्रतस्थ, सत्यनिष्ठ माणसालाच हे अस्त्र परत घेता येते. आता यातील सर्वांत कठोर भाग ऐका. अर्जुनाने आवरल्याची किंमत पडते. आवरताना तो स्वतःच भीती बोलून दाखवितो की, मी मागे घेतले तर हा आम्हां सर्वांस भस्म करील. आणि अश्वत्थामा ते अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळवितो. संयम केला म्हणून अरिष्ट टळले, असे सोपे आश्वासन व्यास देत नाहीत. शांततावाद्यांनी ही कथा सांगताना हा भाग वगळू नये. परिक्षित मृत जन्मला. त्याला जिवंत करणारा कृष्ण त्यांच्याजवळ होता. आपल्याजवळ तो नाही, हे युद्धवाद्यांनीही विसरू नये.

आणखी एक व्यक्ती या कथेत आहे, जिच्याकडे कीर्तनकारांचे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे द्रोण. हे अस्त्र द्रोणांनी अर्जुनाला दिले, तेव्हा मुलाला असूया वाटली आणि त्याने हट्ट धरला. मुलगा चंचल आहे, सन्मार्गावर टिकणारा नाही, हे बाप जाणून होता. तरीही त्याने ते दिले आणि सोबत एक उपदेश दिला : कितीही मोठे संकट आले तरी हे माणसांवर सोडू नकोस. अस्त्र दिले आणि उपदेशही दिला. अस्त्र राहिले आणि उपदेश विरून गेला. विसाव्या शतकात जे शास्त्रज्ञ सरकारांच्या हाती ही विद्या देते झाले, ते मला अर्जुनाहून किंवा अश्वत्थाम्याहून द्रोणांच्या अधिक जवळचे वाटतात.

आता त्यांच्याकडे वळू. अणुकेंद्राचे विभाजन होते हे ऑटो हान आणि स्ट्रासमान यांना १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये आढळले. त्याचा अर्थ लिझे माइट्नर आणि ऑटो फ्रिश यांनी लावला. शोध जर्मनीत लागला, सत्ता हिटलरच्या हाती होती, आणि हे जाणणारे अनेक शास्त्रज्ञ त्याच्याच छळाने देशोधडीला लागलेले होते. हिटलरने हे अस्त्र आधी बनविले तर काय, ही त्यांची भीती काल्पनिक नव्हती. म्हणून लिओ झिलार्ड यांनी आइन्स्टाइनकडून रूझवेल्ट यांना २ ऑगस्ट १९३९ चे ते प्रसिद्ध पत्र लिहविले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. माइट्नर मात्र स्वतः ज्यू असून, देशोधडीला लागलेली असून, बाँबच्या कामाला बोलावणे आले तेव्हा साफ नाही म्हणाली. भीती सर्वांना सारखी होती, पण सर्वांनी उत्तर एकच दिले नाही, एवढे ध्यानात ठेवू.

माझा खरा विषय जोसेफ रॉटब्लॅट हा गृहस्थ आहे. हा वॉर्सात १९०८ साली जन्मलेला पोलिश ज्यू. १९३९ मध्ये चॅडविक यांच्या हाताखाली काम करण्यास तो लिव्हरपूलला आला. ऑगस्टमध्ये पत्नीला आणण्यासाठी परत गेला, पण ती आजारी पडल्यामुळे प्रवास करू शकली नाही. तो एकटा परतला, ती मागाहून येणार होती. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला जर्मनी पोलंडमध्ये घुसली आणि ती कधीच आली नाही. नाझींच्या वंशसंहारात तिचा अंत झाला. म्हणजे हिटलरचा द्वेष करण्याचा अधिकार ज्याला सर्वांहून अधिक, असा हा माणूस.

विभाजनाची बातमी कळताच त्याच्या मनात अस्त्राची कल्पना येऊन गेली होती. ती त्याने दूर सारली. पोलंड पडल्यावर मात्र त्याने तीच स्वतः चॅडविक यांच्यापुढे मांडली. त्याचा युक्तिवाद अर्जुनाचाच होता : आमच्याजवळ असले म्हणजे हिटलर वापरणार नाही. १९४४ च्या आरंभी तो लॉस अलामॉसला पोहोचला. त्याच मार्चमध्ये चॅडविक यांच्या घरी जेवणाच्या वेळी प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज सहज बोलून गेले की, हे सारे खरे तर रशियाला नमविण्यासाठी चालले आहे. रॉटब्लॅटने ही आठवण १९८५ साली लिहिली. त्या वेळी रशियन सैनिक हिटलरशी लढताना रोज हजारोंनी मरत होते आणि ते मित्रपक्षाचे होते. जेवणाच्या मेजावर हे ऐकून त्या माणसाला काय वाटले असेल, हे समजायला भौतिकशास्त्राची गरज नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस चॅडविक यांनी त्याला सांगितले की, जर्मनांनी बाँबचा नाद सोडून दिल्याची खात्रीलायक माहिती हाती आली आहे. रॉटब्लॅटने घरी जाण्याची परवानगी मागितली. त्याचे म्हणणे इतके सरळ होते की, आज ते लिहिताना संकोच वाटावा : ज्या कारणासाठी मी आलो ते कारण संपले, म्हणून मी जातो. त्याच्यावर हेरगिरीचा संशय घेण्यात आला. जाण्याचे खरे कारण सहकाऱ्यांना सांगू नये अशी अट घातली गेली. नाताळच्या आदल्या दिवशी त्याने ते ठिकाण सोडले. प्रवासात त्याची कागदपत्रांची एक पेटीही नाहीशी झाली. जाता जाता एवढेच सांगतो की, पुढे त्याने लंडनच्या एका रुग्णालयात किरणोत्साराचा वैद्यकीय अभ्यास केला, १९५५ च्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्यावर सही केली, आणि पगवॉश परिषदांमध्ये आयुष्य वेचले. या परिषदांची पहिली बैठक नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतातच व्हायची होती, ती सुएझच्या संकटामुळे राहिली आणि १९५७ साली कॅनडातील पगवॉश या गावी भरली. १९९५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्याला आणि त्या परिषदांना मिळून देण्यात आले. २००५ साली तो वारला.

रॉटब्लॅट थोर होता, हे सांगून मी पुढे जाऊ शकतो. पण प्रश्न त्याच्याविषयी नाहीच, प्रश्न बाकीच्यांविषयी आहे. त्या प्रकल्पावर ऐन भरात सव्वा लाखाहून अधिक माणसे काम करीत होती. त्यांतील बहुतेकांना आपण काय घडवीत आहोत हे ठाऊक नव्हते, ते सोडून देऊ. ज्यांना ठाऊक होते त्या शास्त्रज्ञांपैकी, कारण संपले म्हणून निघून जाणारा हा एकच. ८ मे १९४५ ला युरोपातले युद्ध संपले. हिटलर मेलेला होता. भीतीचे मूळ उपटले गेले होते. तरीही प्रयोगशाळेत काम थांबले नाही, उलट अधिक वेगाने चालले. रिचर्ड फाइनमन यांनी पुढे मोठ्या प्रांजळपणे कबूल केले की, आपण ज्या कारणासाठी हे सुरू केले ते आता राहिले नाही, याचा त्यांनी त्या वेळी विचारच केला नाही. ते लबाड नव्हते, कामात गढून गेले होते.

मला हे फार महत्त्वाचे वाटते. दुष्ट हेतूने अस्त्र बनविणारा माणूस विरळा. भीतीने आरंभ होतो, आणि भीती सरल्यावर काम आपल्याच गतीने पुढे जाते. कोडे सुटत आलेले असते. सोबती हुशार असतात, संध्याकाळी गप्पा रंगतात, देशाची शाबासकी मिळते. उत्तम काम केल्याचा आनंद हा स्वतःत निष्पाप असतो, म्हणूनच तो विवेकावर अधिक सहज पांघरूण घालतो. आपण शिक्षकांनी तरी हे ओळखावे. प्रश्नपत्रिका उत्तम काढली म्हणून खूश होणारा मास्तर परीक्षेचा हेतू विसरलेला असू शकतो.

अगदीच कोणी बोलले नाही, असे नाही. रॉबर्ट विल्सन या तरुण शास्त्रज्ञाने लॉस अलामॉसमध्येच या विषयावर एक सभा भरविली. ओपेनहायमर तीत येऊन बसले आणि काम पुरे करणेच हिताचे आहे, असे त्यांनी सर्वांना पटवून दिले. शिकागोत जेम्स फ्रांक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ११ जून १९४५ रोजी अहवाल दिला : जपानी शहरावर न टाकता हे अस्त्र आधी एखाद्या वाळवंटात अथवा ओसाड बेटावर साऱ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींना दाखवावे. या फ्रांक यांनी पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या विषारी वायूच्या कामात भाग घेतला होता. एकदा भाजलेला हात होता तो. झिलार्ड यांनी १७ जुलैला सत्तर शास्त्रज्ञांच्या सह्यांचा अर्ज केला. तो ट्रूमन यांच्या हाती पोहोचलाच नाही. पत्र लिहवून आरंभ करणारा आणि अर्ज लिहून थांबवू पाहणारा माणूस एकच, हे लक्षात घ्या. त्याच्या पहिल्या पत्राला सरकार सापडले, दुसऱ्या अर्जाला सापडले नाही. निर्मात्याचा शब्द अस्त्र तयार होईपर्यंतच ऐकला जातो.

हीच गोष्ट रशियात सखारोव्ह यांना एका मेजवानीत शिकावी लागली. १९५५ च्या नोव्हेंबरात त्यांचा हायड्रोजन बाँब यशस्वी झाला. त्या चाचणीत एक सैनिक आणि एक लहान मुलगी दगावली होती. रात्रीच्या खान्याच्या वेळी सखारोव्ह उठून म्हणाले की, आमची ही साधने चाचणीच्या मैदानावरच फुटोत, शहरांवर कधी न फुटोत. त्यावर मार्शल नेडेलिन यांनी एका म्हाताऱ्या-म्हातारीची ग्राम्य गोष्ट सांगितली. ती या व्यासपीठावरून सांगण्याजोगी नाही. तात्पर्य इतकेच : तुम्ही बळ पुरवा, दिशा आम्ही दाखवू. पाच वर्षांनी हे मार्शलसाहेब स्वतःच एका क्षेपणास्त्राच्या स्फोटात गेले. पण त्यांनी जे सांगितले ते खरेच होते, आणि सखारोव्ह यांना ते जन्मभर पुरले.

आता माझ्या विषयाचे जे शीर्षक आहे, त्याकडे येतो. १६ जुलै १९४५ च्या पहाटे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला स्फोट झाला. आपल्याला गीतेच्या अकराव्या अध्यायातील वचन आठवले, असे ओपेनहायमर यांनी पुढे सांगितले; १९६५ सालचे त्यांचे ते चित्रित कथन पुष्कळांनी पाहिले असेल. बर्कलीत असताना ते आर्थर रायडर यांच्याकडे संस्कृत शिकले होते, तेव्हा ही काही वरवरची ओळख नव्हे. त्यांनी तेथे ‘मृत्यू’ हा शब्द वापरला. मूळ शब्द ‘काल’ असा आहे. भाषेचा शिक्षक म्हणून मला येथे क्षणभर थांबलेच पाहिजे. काल पिकवितो आणि पाडतो, त्याच्या संहाराला सृष्टीच्या चक्रात जागा आहे. बाँबने मारलेले मूल कालाने पाडलेले पिकले फळ नव्हे. ‘मृत्यू’ हे भाषांतर एका अर्थी प्रसंगाला अधिक खरे ठरले.

पण त्यापुढच्याच श्लोकात एक शब्द येतो, तो अधिक धोक्याचा आहे, आणि आपण मराठी माणसे तो रोज वापरतो : ‘निमित्तमात्र’. सत्कार झाला की आपण म्हणतो, मी निमित्तमात्र. अपघात झाला तरी म्हणतो, तो निमित्तमात्र. पहिल्यात विनय आहे, दुसऱ्यात सुटका आहे, आणि शब्द एकच असल्यामुळे सुटकाही विनयासारखी दिसते. गीतेत तो शब्द भगवंत अर्जुनाला उद्देशून उच्चारतात, तेही समोर उभ्या असलेल्या, शस्त्र धरलेल्या योद्ध्यांच्या संदर्भात. अर्जुन तो स्वतःविषयी उच्चारीत नाही. शिवाय त्याआधी त्याने धनुष्य खाली ठेवून प्रश्न विचारलेले आहेत. ज्याने प्रश्नच विचारले नाहीत, त्याला ते उत्तर लागू कसे पडावे? ‘मी निमित्तमात्र’ असे स्वतःच स्वतःला सांगणे म्हणजे आरोपीनेच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसून स्वतःची निर्दोष सुटका करणे होय.

हे मी मोठ्या अधिकाराने बोलतो आहे असे आपणांस वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. तो शब्द चुकीच्या जागी वापरण्याचा गुन्हा मी स्वतः केलेला आहे.

१९८७ साली माझा एक जुना विद्यार्थी मला भेटायला आला. याच शाळेचा, गुरुजींच्याच हाताखालून गेलेला. महाविद्यालयात पहिल्या वर्षी माझ्या मराठीच्या तासाला असे आणि चांगले लिहीत असे. तो केंद्र शासनाच्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होता. त्याला एका वेगळ्या गटात जाण्यास सांगितले होते. कामाविषयी काही बोलता येणार नाही, एवढेच त्याने सांगितले. ते न बोलणेच पुरेसे बोलके होते. चहा झाला. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “सर, जावं की नाही, कळत नाही.” मी तेव्हा सदतिसाव्या वर्षाचा, नुकतीच पीएच.डी. मिळालेली, बोलण्याची हौस दांडगी. मी म्हणालो, “अरे, तू निमित्तमात्र. देशानं काम दिलंय, उत्तम कर. फळाची चिंता तू कशाला करतोस?” तो हसला, नमस्कार करून गेला. वाक्य चांगले जमले, म्हणून त्या दिवशी मला समाधान वाटले होते.

मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले. पहिल्या स्फोटांच्या दिवशी, ११ तारखेला, बुद्धपौर्णिमा होती. आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले. मीही घेतला आणि खाल्ला. त्या विद्यार्थ्याने त्यात काही केले होते की नाही, हे मला ठाऊक नव्हते, आजही नाही, आणि मी कधी विचारणार नाही. पेढा खाताना मात्र मला त्याची आठवण झाली आणि पाठोपाठ फळ्यावरची ती तिसरी, अपुरी ओळ आठवली.

भारताने हे अस्त्र बनवू नये, असे मी म्हणतो काय? इतके सोपे उत्तर माझ्याजवळ असते, तर मी हे व्याख्यान दिले नसते. चीनचा स्फोट मी पाहिलेल्या पिढीतला आहे. १९६८ सालच्या ज्या कराराने पाच राष्ट्रांना अस्त्रे ठेवू देऊन इतरांना ती नाकारली, त्याच्या उपदेशाला नैतिक वजन नाही, हे भारताचे म्हणणे मला आजही खरे वाटते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ साली सल्ला दिला, तोही याच गाठीशी येऊन थबकला : राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात आले असता या अस्त्राचा वापर कायदेशीर की बेकायदेशीर, हे त्याला निश्चित सांगता आले नाही. मते सात-सात अशी समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते ठरले. युक्रेनने १९९४ साली आपल्या भूमीवरची अस्त्रे सोडून देण्याचे मान्य केले, मोठ्या राष्ट्रांनी त्याला शब्द दिले, आणि २०१४ व २०२२ साली काय झाले ते आपण पाहिले. हा उत्तरेचा गर्भ आहे. तो डोळ्यांआड करून मला अहिंसेवर प्रवचन देता येणार नाही. उलट दक्षिण आफ्रिकेने सहा बाँब बनविले आणि स्वतःच मोडून टाकले, हे त्यांच्या अध्यक्षांनी १९९३ साली जाहीर केले. उपसंहाराची विद्या राष्ट्रांनाही येऊ शकते, याचे हे एक उदाहरण आहे. दुसरे तसे मला सापडत नाही.

आपल्या शास्त्रज्ञांना मी खालच्या पायरीवर उभे करीत नाही, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही पोखरण चाचण्यांत ज्यांचा वाटा होता, ते डॉ. अनिल काकोडकर आपल्या बडवानीत जन्मलेले, गांधीवादी आईवडिलांच्या घरात वाढलेले. अशा घरातून आलेल्या माणसाने काही विचार न करता हे केले, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? ज्याने पेढा खाल्ला त्याला, ज्याने काम केले त्याच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाही. भारताने ‘प्रथम वापर करणार नाही’ असे धोरण जाहीर केले आहे, ते अर्जुनाच्या संकल्पाच्या जवळ जाणारे आहे, आणि त्याविषयी मला आदर आहे.

माझे मागणे अगदी लहान आहे. रॉटब्लॅटने जे केले ते ‘नाही’ म्हणणे नव्हते. तो ‘हो’ म्हणूनच गेला होता. त्याने आपल्या ‘हो’ला एक कारण जोडले आणि ते कारण जिवंत आहे की नाही, हे तो तपासत राहिला. पुढे तर त्याने आपल्या मूळ युक्तिवादातही खोट काढली. हिटलरसारखा माणूस प्रतिरोधाने थांबला नसताच, असे त्याने लिहिले. आज नऊ राष्ट्रांजवळ मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत. त्यांतील प्रत्येकामागे कधीतरी एक कारण होते. किती कारणे अजून जिवंत आहेत आणि किती कारणांचे श्राद्ध करायचे राहून गेले आहे, हे कोण तपासतो? सरकारे तपासत नाहीत, कारण कारण संपले तरी अस्त्र उपयोगी वाटते. लोक तपासत नाहीत, कारण लोकांना पेढा मिळतो. उरतो तो करणारा. म्हणून त्याला ‘तू निमित्तमात्र’ असे सांगणे हा मी केलेला अपराध लहान नव्हता. तपासणारा जो एकच माणूस होता, त्याला मी तपासण्यातून मोकळे केले.

तो विद्यार्थी आता निवृत्त झाला आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीत तो इंदूरला आला असता घरी आला. केस पांढरे झालेले, माझ्याहून थकलेला दिसला. मी धीर करून विषय काढला. म्हटले, “त्या दिवशी मी तुला जे सांगितलं, ते चुकलं.” त्याला ते लख्ख आठवत होते. तो म्हणाला, “सर, मी गेलोच असतो. तुम्ही नाही म्हटलं असतं तरी गेलो असतो. मला परवानगी नको होती. मला वाटलं होतं, तुम्ही गुरुजींसारखं काहीतरी विचाराल.”

“काय विचारायला हवं होतं?” मी म्हणालो.

तो म्हणाला, “या हिशेबात काय धरलेलं नाही, एवढंच.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “मग मीच विचारत बसलो. एकट्यानं.”